टेमगिरे साहेबांचं शून्य

"तिथं बसू नका मॅडम. तिथं शून्य आहे."

टेमगिरे साहेब माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. निगडीहून चाकणला जाणारी आमच्या कंपनीची सकाळची बस, आणि ज्या सीटकडे बोट दाखवून ते हे म्हणाले ती सीट माझ्या डोळ्यांना चक्क मोकळी दिसत होती. तिच्यावर फक्त एक निळा रुमाल होता, चारी कोपरे ओढून नीट पसरलेला. खिडकीशी स्वतः टेमगिरे साहेब, मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. मी विचारलं, "कुणी यायचंय का?" ते म्हणाले, तसं नाही. मग रुमाल उचला की, म्हटलं. तर म्हणाले, रिकामी जागा वेगळी आणि शून्य वेगळं, तुम्ही डिस्पॅचला आहात, तुम्हाला तरी हे कळायला हवं.

आता मला सांगा, पहाटेच्या पारी, पोटात धड चहा नसताना, नवख्या बाईशी असं बोलतात का? मी मूळची उदगीरकडची. आमच्याकडे असं कुणी बोललं तर त्याला आधी पाणी देतात आणि मग घरच्यांना फोन करतात. मी काहीच केलं नाही. दांडी धरून चाकणपर्यंत उभी राहिले. उजवा गुडघा स्पीडब्रेकरगणिक माझ्या नावानं शिव्या घालत होता, आणि शेजारी एक रुमाल ऐटीत बसून चालला होता.

झालं होतं असं, की आमचं पिंपरीचं जुनं युनिट बंद करून तिथल्या आम्हा सगळ्यांना चाकणच्या युनिटात हलवलं. माणसं वाढली, बस तीच राहिली. त्यामुळे स्पाईन रोडच्या पुढं रोज पाच-सहा जण उभे. पण त्या रुमालावर कुणी बसत नव्हतं. कंत्राटी पोरं, जी एरवी इंजिनाच्या झाकणावरसुद्धा बसायला कमी करत नाहीत, तीही त्या सीटला वळसा घालून मागं जायची. मला वाटलं, साहेब कुणी मोठे असतील. चौकशी केली तर कळलं, स्टँडर्ड रूमचे प्रमुख आहेत.

स्टँडर्ड रूम म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे गिअर बनतात. ते मोजायला मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल अशी साधनं असतात, आणि ती साधनं खरं बोलतात की नाही हे तपासायला एक खोली असते. बारा महिने एसी, चपला बाहेर, जोरात बोलायचं नाही. टेमगिरे साहेब त्या खोलीचे प्रमुख. प्रमुख म्हणजे ते आणि एक कपाट. दिवसभर त्यांचं काम एकच. साधनाचे जबडे मिटायचे आणि बघायचं, काटा शून्यावर येतो का. मधे काही नसताना जर काटा काही दाखवत असेल, तर पुढचं सगळं माप चुकलंच. त्याला ते झिरो एरर म्हणत.

"आधी शून्य बघा." हे वाक्य त्यांच्या तोंडात सुपारीसारखं असायचं. निगडीच्या मंडईत भाजीवालीनं पारड्यात मेथी टाकली की हे म्हणणार, ती जुडी काढा, आधी शून्य दाखवा. ती बाई म्हणायची, काका, तुमच्या शून्यापायी माझी मेथी सुकली. दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेले तर डॉक्टरला म्हणाले, पट्टा बांधायच्या आधी काटा बघू द्या. कॅन्टीनमध्ये दोन पोरं हमरीतुमरीवर आली तर हे मधे उभे राहून, आधी दोघांनी शून्य बघा. पोरं हसायला लागली की भांडण संपायचं, आणि साहेबांना वाटायचं की आपलं पटलं.

मलाही त्यांनी तपासलं होतं. एकदा मी सीटवरून तिसऱ्यांदा भांडले, तेव्हा शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, तुमचं शून्य थोडं पुढं सरकलंय. काही घडायच्या आधीच तुम्ही चिडलेल्या असता."

सगळी बस हसली. खरं सांगायचं तर मलाही हसू फुटलं, कारण माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत जे धड सांगता आलं नाही ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं. पण मी ऐकून घेणारी नव्हे. मी विचारलं, आणि तुमचं हो? तुमचं शून्य कुठंय? माझं मागं राहिलंय, ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्यांना कुणी विचारलं, मुलं किती, की उत्तर ठरलेलं. "एकशे एक." चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. ऑफिसात नवी आलेली मुलगी विम्यासाठी सगळ्यांना विचारत होती, तिलाही हेच. ती बिचारी कीबोर्डवर बोटं ठेवून बघतच राहिली. बसमध्ये हा जोक जुना होता, तरी नव्या माणसाला मुद्दाम विचारायला लावायचे आणि सगळे हसायचे. मीही हसले. म्हटलं, धन्य ती बायको.

शून्याचं वेड कंपनीच्या दारात संपत नव्हतं. चाकणच्या चौकात ट्रॅफिक अडकलं, म्हणजे रोजच, की टेमगिरे साहेब शून्याच्या जन्मापासून सुरू करायचे. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, पळून जाणार कुठं? शून्य कुणा एका माणसानं एका दिवशी शोधलं नाही, ते सांगायचे. आधी लोक नुसती जागा सोडायचे. एकशे पाच लिहायचे तर एक लिहायचा, मधे थोडी जागा ठेवायची, मग पाच. पण नक्कल करणारा घाईत असला की ती जागा मिटवायचा. एक आणि पाच जवळ यायचे आणि एकशे पाचाचे पंधरा व्हायचे.

"कुणाचं वाईट करायचं नसतं हो त्याला. त्याला वाटतं, इथं काही नाहीच तर जागा कशाला ठेवायची?"

मग कुणाला तरी सुचलं, की त्या जागेत एक ठिपका द्यावा. ठिपका म्हणजे काय, तर जागा धरलेली आहे, इथं सरकू नये. पुढं त्या ठिपक्याचं पोट पोकळ झालं आणि गोल तयार झाला. तिकडं बाबिलोनमध्ये, पार समुद्रापलीकडं माया लोकांतही अशा खुणा होत्या, पण शून्याला बेरीज-वजाबाकीत घेतलं, इतर आकड्यांच्या पंगतीला बसवलं ते आपल्याकडं. राजस्थानाकडच्या एका ज्योतिष्यानं त्याचे नियम सांगितले. शून्य मिळवलं तर काय, वजा केलं तर काय. फक्त शून्यानं भागायला गेला आणि तिथं चुकला. त्याचं हे चुकणं साहेबांना फार आवडायचं. एवढा हुशार माणूस, पण तिथं त्यालाही सांगता आलं नाही, असं म्हणत मान हलवायचे. मागून एखादं पोरगं विचारायचं, साहेब, शून्य सुटलं का, चौक सुटलाय.

एकदा तर रजा टाकून एकटे ग्वाल्हेरला गेले. कशाला, तर तिथल्या किल्ल्यावर एका छोट्या देवळात भिंतीवर कोरलेलं जुनं शून्य आहे, ते बघायला. आले ते तिथली तिळाची गजक घेऊन. बसभर वाटली. लोक विचारायला लागले, कसं होतं शून्य? म्हणाले, लहान आहे हो. शेजारच्या आकड्यांपेक्षा बरंच लहान. देवाच्या हारांसाठी कुणी फुलांची बाग दिली होती, तिच्या मापात आहे. दोन, सात आणि मग ते. "पण शेजारच्यांनी त्याला जागा दिलीय," म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा बसल्यासारखा झाला. मला वाटलं प्रवासाची सर्दी. गजक मात्र झकास होती.

त्यानंतर सेफ्टी वीक आला. गेटवर फलक लागला, 'आमचे ध्येय शून्य अपघात'. साहेब सेफ्टी ऑफिसरशी जाऊन भांडले, आणि हा माणूस कुणाशी भांडत नाही बरं का. म्हणे, अपघात होऊ नये असं लिहा, शून्य लिहू नका, शून्य म्हणजे काहीच नाही असं नसतं. तो ऑफिसर नवीन, त्याला काय कळणार. तो म्हणाला, साहेब, फलक छापून आलाय.

आणि इकडं माझा गुडघा सुजला. डॉक्टरनं उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. मी सीटचा विषय पुन्हा काढला, साहेबांनी स्वतःची खिडकीची सीट मला देऊ केली आणि स्वतः उभे राहिले. रुमाल बसलेलाच. मला ते फार लागलं. म्हटलं, हे काही खरं नाही, मी ॲडमिनला जाते. तिथं नियम सरळ होता, कंपनीच्या बसमध्ये कुणाचीही सीट राखीव नाही. मी तक्रार केली असती तर तो रुमाल दुसऱ्या दिवशी उचलला गेला असता.

त्या संध्याकाळी बसमधून उतरताना ड्रायव्हर बबनभाऊनं मला थांबवलं. हा चिंबळीचा, घरची थोडी शेती, बाकी जमीन कंपन्यांना गेलेली. एरवी गाडीत मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण टेमगिरे साहेब चढले की गप्प व्हायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं. कारण लक्षात आलं नव्हतं.

"ताई, आडमिनला नका जाऊ," तो म्हणाला. "त्यांचं पोरगं बसायचं तिथं."

मग सगळं सांगितलं. साहेबांचा ओंकार. आयटीआय करून आमच्याच कंपनीत ॲप्रेंटिस लागला होता. बापलेक रोज शेजारी शेजारी. पोरगं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायचं ते चाकणला जागं व्हायचं. एक दिवस त्याला उठायला उशीर झाला. साहेब पुढं येऊन बसमध्ये बसले, सीटवर रुमाल टाकला आणि फोन करून म्हणाले, जागा धरलीये, ये लवकर. बबनला म्हणाले, दोन मिनिटं थांब.

"मी न्हाई थांबलो, ताई. आदल्या दिशी गाडी लेट झाली म्हनून साहेबलोकांनी मला झापलं व्हतं. मी म्हनलं, येईल की मोटारसायकलवर. आन् तो निघालाच मोटारसायकलवर."

स्पाईन रोडच्या वळणावर रेती सांडलेली होती. तिथं गाडी घसरली. बस तोवर मोशी ओलांडून गेली होती. फोन आला तेव्हा साहेबांचा एक हात त्या रुमालावर होता, असं बबन म्हणाला. आरशात दिसलं त्याला.

"तवाधरनं साहेब माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. रागावलेबी न्हाईत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

घरी आले, कणीक मळायला घेतली आणि ती तशीच ठेवून ओट्याशी उभी राहून रडले. नवरा विचारतो काय झालं, तर म्हटलं गुडघा. मी ॲडमिनला गेले नाही. बबननं मला इंजिनाजवळची सीट दिली. तिथं ऊब यायची, गुडघ्याला बरं वाटायला लागलं. म्हणजे तक्रारीचं कारणही संपलं. राग मात्र संपला नाही. कुणावर काढायचा तेवढं कळेना. बबनवर काढावा, तर तो रोज आरशात ती सीट बघून गाडी चालवत होता.

त्या हिवाळ्यात टेमगिरे साहेबांनी एक सहल काढली. स्टँडर्ड रूम आणि डिस्पॅच, दोन्ही खात्यांची. मला वाटलं रिसॉर्ट-बिसॉर्ट, निदान हुरडा तरी. बसमध्ये बसल्यावर कळलं, नाणेघाट. जुन्नरच्या पुढं. तिथं काय आहे, विचारलं तर म्हणाले, जुन्या गुहेत राजाराणीच्या काळचा लेख आहे, त्यात दानधर्माचे आकडे आहेत. आमचा डिस्पॅचचा पाटील म्हणाला, म्हणजे शून्य बघायला चाललोय होय? साहेब म्हणाले, नाही, तिथं शून्य नाहीये, ते बघायला चाललोय. पाटलानं कपाळाला हात लावला. नसलेली वस्तू बघायला एवढं डिझेल जाळणारी आमची पहिलीच सहल असेल.

साहेबांची बायको मंदाताई सोबत होत्या, आणि धाकटी मुलगी अश्विनी. तिचं लग्न ठरलं होतं, पुढच्याच महिन्यात. थोरली पूनम सासरी, तिकडूनच लग्नाला येणार होती. बबन गाडीवर होताच. साहेब नेहमीसारखे बसले, रुमालासकट, आणि मंदाताई मागच्या सीटवर. नवऱ्याला त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की मी बसते तिथं.

घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. आत शिरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं. बरीच झिजलेली. साहेबांनी मोबाईलच्या उजेडात आम्हाला आकडे दाखवले. गाई इतक्या, घोडे इतके, नाणी इतकी. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. पोरं फोटो काढून लगेच बाहेर पळाली, माकडांना केळी द्यायला. आम्ही चार-पाच जण राहिलो. साहेब खाली बसले आणि जमिनीवरच्या धुळीत बोटानं लिहायला लागले.

म्हणाले, या लोकांना एकशे एक लिहायचे असले तर शंभराची खूण काढणार आणि शेजारी एकाची खूण. झालं काम. हिशेब बरोबर आहे, चूक काहीच नाही. पण मधलं घर मोकळं आहे हे यात दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, दोघंच होती, पहिल्यापासून शेजारी शेजारी. मग त्यांनी खाली आपल्या पद्धतीनं एकशे एक लिहिले. एक. गोल. एक. आणि त्या गोलावर बोट ठेवून बसून राहिले.

मला तेव्हा कळलं. पूनम, ओंकार, अश्विनी. थोरली आहे, मधला नाही, धाकटी आहे. एकशे एक. मूर्ख जोक म्हणून आम्ही सगळे ज्यावर हसत आलो ते या माणसाचं घर होतं.

मंदाताई आतल्या भिंतीपाशी उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्या भिंतीवर म्हणे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, ओळीनं कोरलेल्या. राजा, राणी, कुमार. आता मूर्ती गेल्या. खाली पावलांच्या थोड्या खुणा उरल्यात, आणि वर नावं. बबन दारातून डोकावून बघत होता. तो हळूच म्हणाला, "फॅमिली फोटूच की हा."

मंदाताई म्हणाल्या, त्यांचं हे सगळं रेशनकार्डापासून सुरू झालं. ओंकारचं नाव कमी करून नवीन कार्ड आलं. त्यात मुलांमध्ये पूनम एक नंबरला, अश्विनी दोन नंबरला. रीतच ती, त्यात कुणाची चूक नाही. पण हे घरी येऊन कार्ड समोर ठेवून बसले आणि म्हणाले, अश्विनी तिसरी आहे, ती दुसरी कशी झाली? तेव्हापासून पुस्तकं काय, व्हिडिओ काय, ग्वाल्हेर काय. "त्यांना एवढंच भ्या वाटतं हो," मंदाताई म्हणाल्या, "की ओळ सरकून जवळ येईल, आणि मग तो कधी नव्हताच असं होईल."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

त्या पावलांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी आई आहे. मला धरून ठेवायला रुमाल लागत नाही. पण त्यांना लागतो, तर लागू दे."

परतीच्या वाटेवर नारायणगावला मिसळ खाल्ली. पाटील म्हणाला, सहल मस्त झाली, काहीच बघितलं नाही. सगळे हसले. टेमगिरे साहेबही हसले.

लग्न मोशीच्या एका मंगल कार्यालयात झालं. मंदाताईंनी सगळ्या बसला बोलावलं होतं, बबनलासुद्धा. तो नवी टोपी घालून आला, पण पार मागच्या रांगेत बसला, खांबाच्या आड. मी गुडघ्याची सबब सांगून पुढची खुर्ची पकडली. टेमगिरे साहेब फेटा बांधून लगबगीत होते. वाजंत्रीवाल्यांना सांगत होते, माईकचा आवाज वाढवायच्या आधी शून्य बघा. व्याह्यांच्या कुणा पाहुण्यानं विचारलं, मुलं किती तुम्हाला? एकशे एक, म्हणाले. पाहुणा खो खो हसला. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

अक्षता पडल्या, हार झाले, फोटो सुरू झाले. फोटोग्राफर घाईत होता, पंगत बसायची वेळ झालेली. मुलाकडचे झाले, मित्र झाले, मग तो म्हणाला, नवरदेव दोन मिनिटं बाजूला या, फक्त माहेरचा फोटो घेऊ. चौघं स्टेजवर उभी राहिली. साहेब, त्यांच्याशेजारी पूनम, मग अश्विनी, मग मंदाताई. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण पूनम आणि अश्विनीच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी सोडली होती.

"ताई, जवळ या जरा. मधे गॅप पडतोय," फोटोग्राफर म्हणाला.

कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं गोंगाटात ऐकू गेलं नाही. कॅमेरा गळ्यात टाकून तो स्टेजवर चढला आणि पूनमच्या कोपराला धरून तिला अश्विनीकडे सरकवायला लागला. पूनमचा चेहरा रडवेला झाला. लग्नघरात रडायचं नाही म्हणून तिनं ओठ दाबून धरले. मी टेमगिरे साहेबांकडे बघत होते. हा माणूस चौकात तासभर बोलायचा. आता नुसता हात खिशात गेला, निळा रुमाल बाहेर आला, आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. उभ्या माणसांच्या मधे रुमाल ठेवणार कुठं?

मी उठले. गुडघा कडकन वाजला. म्हटलं, "दादा, सोड तिला. ती जागा धरलेली आहे."

फोटोग्राफरनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "कुणी यायचंय का?" त्यानं विचारलं.

मी बसमध्ये पहिल्या दिवशी विचारलं होतं तेच. साहेब तेव्हा म्हणाले होते, तसं नाही. आता मंदाताई म्हणाल्या, "हो."

"मग येऊ द्या की," तो म्हणाला. "थांबतो मी." आणि त्यानं कॅमेरा खाली घेतला.

त्या मुलाला काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, कुणी पार्किंगमध्ये असेल, हात धूत असेल. पण तो थांबला, म्हणून सगळे थांबले. नवरदेव बाजूला थांबला. पंगतीकडे निघालेले लोक थांबले. मागं खांबाआडून बबन उभा राहिला होता. टोपी काढून दोन्ही हातांत धरलेली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "थांबा. किती बी येळ लागू द्या."

टेमगिरे साहेब कार्यालयाच्या दाराकडे बघत होते. खरंच बघत होते, बसच्या खिडकीतून बघावं तसे. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की येईल. उशीर झालेलं एखादं पोरगं केस ओले, शर्टाची बटणं लावत धावत येईल आणि वर चढून त्या जागेत उभं राहील. दारात ऊन पडलं होतं. वाढपी जिलबीच्या पराती घेऊन जात होते.

बऱ्याच वेळानं साहेबांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मधली जागा तशीच होती. फोटोग्राफरनं हळू आवाजात विचारलं, काढू का काका? त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्या मंडपावरून त्यांची नजर मागच्या खांबापाशी गेली.

"बबन," ते म्हणाले, "थांबलास. बरं केलंस. आता निघू या."

फोटो तेवढ्यात निघाला. त्यांच्या हॉलमध्ये लावलाय, मी बघून आले. तिघी कॅमेऱ्याकडे बघताहेत, मधली जागा आहे तेवढी आहे, आणि टेमगिरे साहेब लांब कुठंतरी बघून मान हलवताहेत.